वळसंगच्या वाटेवरील करवत

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कुंभारी मागे टाकल्यानंतर लागणारे वळसंग हे गाव लढायांमुळे अथवा राजधान्यांमुळे इतिहासात गाजलेले नाही. परंतु मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर ऐकू येणाऱ्या, काळ्या रानांनी वेढलेल्या आणि सोलापूरच्या मागांशी व सुताशी जोडल्या गेलेल्या या मुलखात लाकूडकामाच्या हत्यारांचे जे स्थित्यंतर शे-दीडशे वर्षांत घडले, त्याचा वृत्तान्त कोणत्याही दफ्तरात एकत्र सापडत नसला तरी तो नोंदवून ठेवण्याजोगा आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्याला निमित्तही आता सहज मिळाले आहे. नोकरी-धंदा सांभाळून घरच्या पडवीत लाकूडकाम करणारे काही गृहस्थ या भागात आज दिसू लागले आहेत आणि लहान, डुगडुगणारे कटर बाजूला सारून मेजाची चांगली करवत, म्हणजे बाजारात जिला टेबल सॉ म्हणतात ती, घ्यावी तर कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. प्रश्न वरवर पाहता किमतीचा आणि अश्वशक्तीचा वाटतो. परंतु करवतीचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे तो मुळात सरळ रेषेचा आणि हाताच्या सुरक्षिततेचा आहे, हे उमजू लागते.

जुन्या गावगाड्यात सुतार हा थोरल्या ओळीचा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीची घडण तपशिलाने वर्णिली आहे. तिचे सार इतकेच की, कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर आणि गाडी वर्षभर चालती ठेवावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने आपला हक्क घ्यावा, अशी सुताराची गावाशी बोली असे. ही व्यवस्था सर्वांना सारखी सुखाची होती, असा समज करून घेणे मात्र सत्याला सोडून होईल. सुताराला खळ्यावर मानाने हिस्सा मिळे. पण त्याच गावगाड्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाण्यासाठीसुद्धा आपली विहीर वेगळी करावी लागे, आणि वळसंगचे नाव महाराष्ट्रात आज जेथे जेथे आदराने घेतले जाते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पाय १९३७ साली जिच्यापाशी लागले त्या विहिरीमुळेच घेतले जाते. गावाच्या कारागिरीचा इतिहास लिहिताना ही विहीर डोळ्यांआड करता येत नाही.

या सुताराचे मुख्य हत्यार करवत नव्हते, लाकूड तासण्याचे वाकस होते. सोलापूरच्या अवर्षणप्रवण प्रदेशात सागाचे अरण्य नाही. बांधावरची बाभूळ, कडुनिंब, चिंच आणि बोर हेच त्याचे भांडार. त्यांतही शेतीच्या अवजारांसाठी बाभळीला तोड नाही. कीड लागू नये म्हणून तिचे ओंडके काही महिने ओढ्यात किंवा डोहात बुडवून ठेवीत आणि मग गाडीचा तुंबा, आरे, जू, नांगराचे खोड हे सारे वाकसाने तासून काढीत. तासण्यात एक मोठे शहाणपण होते. वाकसाचा घाव लाकडाच्या शिरेच्या कलाने जातो, त्यामुळे शीर तुटत नाही आणि अवजार बैलांच्या ओढीला वर्षानुवर्षे टिकते. नांगराचे वाकलेले खोड हवे असेल तर सुतार वाकलेलीच फांदी शोधी. सरळ लाकडातून वाक कापून काढण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नसे. सरळ रेषेची गरज शेताला नव्हतीच.

ती गरज घराने आणि मागाने निर्माण केली. या भागातील जुनी घरे मातीच्या माळवदाची. खांबावर तुळई, तुळयांवर आडवी लाकडे आणि वर मातीचा थर, अशी त्यांची रचना. घर किती खणांचे हे सांगितले म्हणजे त्याचा विस्तार समजे. अशा घराला चौकटी, दारे आणि फळ्या लागत आणि फळी वाकसाने निघत नाही. मागाची गोष्ट याहून नाजूक. सोलापूरच्या विणकरांना धोटे, फण्यांच्या चौकटी आणि कापड गुंडाळण्याचे रूळ लागत. पुढे झटक्याचा माग आल्यावर धोटा ज्या पट्टीवरून धावतो ती पट्टी तिळभर वाकडी असली तरी धोटा उडून पडे आणि सूत तुटे. नांगर करणाऱ्या हाताला मागाची पट्टी करावयाची वेळ आली, तेव्हा करवतीचे महत्त्व एकाएकी वाढले.

ओंडक्याच्या फळ्या पाडण्याचे काम त्या काळी दोन माणसांची जोडी करी. ओंडका दोन लाकडी घोड्यांवर तिरपा चढवीत किंवा खड्ड्यावर आडवा ठेवीत. गेरूत भिजवलेले सूत ताणून त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला रेषा मारीत. एक जण ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली. वरच्याने रेषा सांभाळावयाची, खालच्याने ओढावयाचे, आणि भुशाचा वर्षाव त्याच्याच डोक्यावर, डोळ्यांवर, घामेजल्या खांद्यांवर व्हावयाचा. करवतीचे दात तीनधारी कानशीने घासून एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वळवीत, म्हणजे पडणारी खाच पात्याहून रुंद होई आणि पाते अडकत नसे. तरीही ओले किंवा ताणाचे लाकूड कापताना खाच पाठीमागून मिटू लागे आणि पाते जागच्या जागी आवळले जाई. त्यासाठी हे लोक कापलेल्या भागात लाकडाची पाचर मारीत आणि करवत पुढे सरके तसतशी पाचरही पुढे नेत. ही पाचर वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण आज हजारो रुपयांच्या यंत्रात जो सर्वांत मोलाचा भाग गणला जातो तो तिचाच वंशज आहे.

गोल पात्याची कल्पना याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे साकार होऊ लागली होती. इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर याने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात वर्तुळाकार करवतीचा उल्लेख आहे. सॅम्युअल बेंथॅम याने १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांचे विस्तृत पेटंट घेतले आणि ब्रिटिश आरमाराच्या गोद्यांत अशा यंत्रांना स्थान मिळाले. १८०८ साली विल्यम न्यूबेरी याने अखंड पट्ट्याच्या करवतीचे पेटंट घेतले. परंतु वळणावर न तुटणारे पोलाद मिळेपर्यंत ती करवत कागदावरच राहिली. आज आपल्या वखारींतून ओंडके चिरणारे यंत्र या पट्टा-करवतीच्या जातीचे, आणि मेजातून वर डोकावणारे पाते मिलर-बेंथॅम यांच्या परंपरेतील.

सोलापूरला हे वारे पोचविले ते आगगाडीने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापुरात आली आणि १८७१ साली तिचे रूळ रायचूरपर्यंत जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाले. १८७७ साली सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला लोक पुढे जुनी गिरणी म्हणू लागले, ती सुरू झाली. रेल्वेने मुंबईच्या वखारींतील ब्रह्मदेशी साग आणि कानडा जिल्ह्यातील जंगलांचा साग या उघड्या मुलखाच्या दारात आणून टाकला. गिरणीने वाफेच्या शक्तीवर फिरणारे दांडे आणि पट्टे लोकांच्या नजरेस आणले. खेड्यातला सुतार या गिरणीत नोकरीला गेला म्हणजे तो पहिल्यांदाच हाताच्या बळावाचून चालणारे यंत्र पाही आणि मोजमापाची नवी शिस्त शिके. इंचाचे आठ भाग करून प्रत्येकाला सूत म्हणण्याची आपल्या सुतारांची मोजणी त्याच्या जिभेवर होतीच. गिरणीने त्याला अर्ध्या सुताचाही हिशेब ठेवावयास लावले.

बलुत्याच्या पायाला खरा धक्का मात्र दुसऱ्याच दिशेने बसला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत कुणब्यांत प्रारंभी होती. तरी काळ्या जमिनीतील हरळी मुळासकट उलथवून टाकण्याचे त्या नांगराचे सामर्थ्य पाहिल्यावर ती फार काळ तग धरू शकली नाही. लाकडी नांगर मागे पडला, पुढे गाडीच्या लाकडी चाकांची जागा रबरी टायरांनी घेतली, आणि सुताराचे खळ्यावरचे येणे हळूहळू आटले. या बदलाबद्दल हळहळणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. माझे मत थोडे निराळे आहे. सुतार गावच्या बांधिलकीतून मोकळा झाला, त्याचे काम रोख पैशांत मोजले जाऊ लागले, आणि नांगराऐवजी दारे, खिडक्या, पलंग आणि कपाटे करता करता त्याचा हात फळीवर व काटकोनावर बसला. आजच्या घरगुती कारखान्याचे बीज या स्थित्यंतरात आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यापुढच्या दोन-अडीच दशकांत खेडोपाडी तारा पोचल्या. विजेच्या मोटारीने सुताराच्या पडवीत आणलेले पहिले यंत्र म्हणजे रंधा मशीन, आणि त्याच्याच दांड्याच्या एका टोकाला बसवलेले गोल कटर. एकाच लोखंडी सांगाड्यावर रंधा, कटर आणि भोक पाडण्याची सोय असलेली ही जोडयंत्रे आजही सोलापूर भागातील बहुतेक सुतारांकडे दिसतात. त्यांनी कष्ट वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या कटरावर आवरण नसते, पात्यामागे पाचर नसते, आणि लाकूड टेकवण्याची पट्टी एका नटाने आवळलेली असल्यामुळे जोर पडताच सरकते. खालच्या माणसाच्या डोळ्यांत पडणारा भुसा संपला, आणि त्याच्या जागी बोटांचे भय आले.

हे भय कोठून येते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. पात्याचा पुढचा भाग लाकडाला खाली मेजावर दाबतो, म्हणून तेथे सहसा अपघात घडत नाही. पाठीमागचे दात मात्र मेजातून वर येत असतात. खाच मिटली किंवा फळी तिरपी होऊन या मागच्या दातांवर आली, म्हणजे ते तिला उचलून त्याच वेगाने माणसाच्या पोटाकडे भिरकावतात आणि फळीवरचा हात पात्यावर ओढला जातो. यावर उपाय तोच जुना. पात्याच्या अगदी मागे, त्याच्याबरोबरच वर-खाली होणारी आणि त्याच्या खाचेइतक्याच बेताने जाड अशी पोलादी पाचर बसवावी, म्हणजे खाच मिटत नाही आणि फळीही मागच्या दातांवर सरकत नाही. दोघांच्या करवतीवर राबणाऱ्या निरक्षर माणसांना जे ठाऊक होते, ते अमेरिकेतील सुरक्षानियमांत २००० नंतरच्या दशकात सक्तीचे झाले. त्याआधी तेथील यंत्रांनाही बहुधा पात्याबरोबर न हलणारा, काढून ठेवण्याजोगा दुभाजक असे, आणि लोक तो काढूनच ठेवीत.

मेजाच्या करवतीची घडण पाश्चात्त्य देशांत दोन वाटांनी झाली. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ याने १९०६ साली सरकत्या मेजाची करवत बनविली. तीत लाकूड मेजासह पुढे जाते आणि मोठ्या तक्त्यांच्या कामाला ती अनुपम ठरते. अमेरिकेत डेल्टा कंपनीने १९३९ साली युनिसॉ नावाचे यंत्र काढले. त्यात तोवरच्या पद्धतीप्रमाणे मेज कलते करण्याऐवजी मेजाखालचे पातेच कलते केले. तिरपा काप घेतानाही लाकूड आडव्या, स्थिर मेजावर राहू लागले, आणि लहान कारखान्यांत हीच तऱ्हा रूढ झाली. याच परंपरेत १९९९ साली स्टीव्ह गॅस या अमेरिकी वकिलाने एक नवलाची युक्ती शोधली: पात्याला त्वचेचा विद्युत्-स्पर्श होताच एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि काही सहस्रांश सेकंदांत ते थांबते. २००४ पासून सॉस्टॉप या नावाने अशी यंत्रे विकली जाऊ लागली. बोट जाण्याऐवजी ओरखडा यावा, यासाठी कोणी आयुष्य वेचतो, ही गोष्ट मला मोठ्या आदराची वाटते.

आता वळसंगच्या पडवीकडे वळू. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वर्षानुवर्षे वापरलेली सोय मी जवळून पाहिली आहे. जाड प्लायवुडच्या तुकड्याला मधोमध फट पाडून तिच्याखाली हातातले गोल कटर उलटे बांधलेले, त्याचा खटका दोरीने कायमचा दाबून ठेवलेला, आणि बाजूला दोन क्लॅम्पांनी धरलेली ॲल्युमिनियमची पट्टी. यातून त्यांनी देव्हारा केला, पाट केले, मुलांचे अभ्यासाचे मेज केले. परंतु प्रत्येक लांब कापानंतर फळीची धार एका टोकाला अर्धा सूत कमी भरे आणि ती रंध्याने पुन्हा सरळ करावी लागे. अडचणीच्या क्षणी यंत्र बंद करावयाचे तर भिंतीवरचे बटण शोधावे लागे, आणि याची मला त्या अर्ध्या सुतापेक्षा अधिक काळजी वाटे.

अशा गृहस्थाने नवे यंत्र निवडताना पहिले पाहावे ते अश्वशक्तीचे अंक नव्हे, तर लाकूड टेकवण्याची पट्टी. ती पुढून एका हाताने आवळली असता तिचे दूरचे टोक हलते काय, आणि दहा वेळा सरकवून दहा वेळा आवळली तरी ती पात्याला समांतरच बसते काय, हे दुकानातच तपासावे. दुसरे पाहावे ती पाचर आणि तिच्यावरचे आवरण. ही दोन्ही हत्याराशिवाय काढता-बसवता यावीत, कारण बसविण्यास त्रासदायक असलेले आवरण चार दिवसांत कोपऱ्यात जाऊन पडते. तिसरे मेज. ओतीव लोखंडाचे मेज जड असते, म्हणून कंप पावत नाही. ते घरच्या पडवीत कायमचे राहणार असेल तर त्याचा जडपणा हाच त्याचा गुण होय. बॉश, मकिता किंवा डीवॉल्ट यांची वाहून नेता येणारी १० इंची यंत्रे मेजाला हलकी आणि आवाजाला मोठी असतात. परंतु जागा अपुरी असेल आणि पाचर व आवरण शाबूत असेल, तर प्लायवुडखालच्या उलट्या कटरापेक्षा ती शतपट बरी.

मोटारीचा विचार यानंतर करावा. वाहून नेता येणाऱ्या यंत्रांत कार्बनच्या ब्रशांची मोटार असते. ती हलकी आणि वेगवान, पण दीर्घ काम तिला सोसत नाही. पट्ट्याने पाते फिरविणारी इंडक्शन मोटार शांत असते आणि बाभळीसारख्या कठीण लाकडातही हिमतीने चालते. मात्र सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट विद्युत्-प्रवाह ओढते आणि खेड्यातला दाब कमी झालेला असेल तर नुसती गुरगुरत राहते. घरच्या सिंगल फेज जोडणीवर १५ अँपिअरच्या सॉकेटातून दीड ते दोन अश्वशक्तीची मोटार निर्धास्त चालते. तीन अश्वशक्तीला त्या सॉकेटची मर्यादा येऊन भिडते आणि थ्री फेजचा विचार करावा लागतो. दीड-दोन इंच जाडीच्या फळ्या करणाऱ्यास दोन अश्वशक्ती पुरते. पात्याच्या आकाराबाबत एक कायदेशीर बाबही ध्यानात ठेवण्यासारखी आहे: लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ३० सेंटिमीटरहून मोठ्या गोल करवतीची गणना परवान्याच्या कक्षेतील यंत्रांत होती. १० इंची पाते २५ सेंटिमीटरच्या आसपास येते, १२ इंची मात्र ही मर्यादा किंचित ओलांडते. लहान कारखान्याला १० इंच हेच माप सर्वार्थाने योग्य.

भुशाची हयगय तर मुळीच होऊ नये. लाकडाचा भुसा हा कर्करोगकारक पदार्थ आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. जुन्या जोडीतल्या खालच्या माणसाने आयुष्यभर काय श्वासात घेतले असेल, याची कल्पना करून मन विषण्ण होते. यंत्राला भुसा ओढून घेणाऱ्या नळीची तोटी असावी, नाकावर मुखपट्टी असावी. हातमोजे आणि मोकळ्या बाह्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात, कारण कापडाचा धागा पात्यात सापडला की हात सोडवून घेण्यास अवधी मिळत नाही. अरुंद पट्ट्या कापताना बोटांऐवजी पुढे ढकलण्यास टोकाला खाच पाडलेली लाकडी काठी वापरावी; ती बाभळीची केली तर उत्तम, आणि वळसंगच्या बांधावर बाभूळ अजून आहे.

यंत्र घरी आल्यावर त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी, आणि त्याआधी त्याची पिन सॉकेटातून काढून ठेवावी. पाते पूर्ण वर करून पुढच्या एका दातावर खडूची खूण करावी आणि मेजाच्या पृष्ठभागावर कोरलेल्या सरळ खाचेपासून त्या दाताचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दात पाठीमागे आणावा आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्ही मापांत कागदाच्या जाडीहून अधिक फरक पडला, तर मेजाखालचे बोल्ट सैल करून फरक निघेपर्यंत पाते-आसाची जागा बदलावी, बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि त्यानंतर पट्टी त्याच खाचेला समांतर लावून पहिली फळी कापावी.